ओसरीवर कोण बसले आहे?

वाचकहो, 'लॉबी' हा शब्द तुमच्या कानावरून गेलाच असेल. साखर लॉबी, औषधवाल्यांची लॉबी, बियाणेवाल्यांची लॉबी. पेपरात बातमी येते की अमुक लॉबीच्या दबावामुळे तमुक विधेयक बारगळले. पारावर कोणीतरी ती मोठ्याने वाचतो, बाकीचे माना हलवतात, आणि ही लॉबी म्हणजे मुंबई-दिल्लीकडची काही भानगड असेल असे समजून आपण पान उलटतो. पण त्या बारगळलेल्या विधेयकात आपल्या सरकीचा भाव असतो, बियाण्याची थैली असते, कापसाचा दर असतो. म्हणून आज जरा या शब्दाकडे बघू.

शब्द मुळात साधा आहे. विलायतेच्या पार्लमेंटात सभागृहाला लागून मोठी दालने आहेत. तिथे सामान्य माणसाने जावे, आपल्या सभासदाला गाठावे आणि गाऱ्हाणे सांगावे, अशी रीत पडली. त्या दालनाचे नाव लॉबी. आपण तिला ओसरी म्हणू. वाड्याच्या माजघरात परक्याला मज्जाव असतो, पण ओसरीवर कोणीही टेकावे, तांब्याभर पाणी मागावे, मनातले बोलावे. डीपी जळाली, पांदण रस्ता अडला, म्हणजे आपण आमदाराच्या घरी जाऊन बसतो, ते ओसरीवर बसणेच झाले. त्यात पाप नाही. लोकशाहीत मागण्याचा हक्क सर्वांना आहे, कास्तकाराला आहे तसा गिरणीवाल्यालाही आहे. माझे म्हणणे एवढेच की ओसरीवर कोण बसले आहे, त्याला कोणी धाडले आहे, त्याचे पोट कोण भरतो आणि तो नेमके काय मागतो आहे, हे गावाला दिसले पाहिजे. आज ते दिसत नाही.

आपल्या जिल्ह्याला ही ओसरी नवी नाही बरे का! जलंबहून खामगावला जाणारा आगगाडीचा छोटासा फाटा तुम्ही पाहिला असेल. जेमतेम आठ मैलांचा. तो १८७० साली सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावात आले होते. हिंदुस्थानचा सर्वात मोठा साहेब वऱ्हाडातल्या आठ मैलांच्या रुळासाठी एवढ्या लांब कशाला आला असेल? तर खामगाव तेव्हा वऱ्हाडातली कापसाची मोठी बाजारपेठ होती, आणि तो कापूस मँचेस्टरला हवा होता.

मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी १८५७ सालीच कापूसपुरवठ्यासाठी आपली संस्था काढली होती. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला, गिरण्या थंडावल्या. मग हिंदुस्थानात रस्ते करा, रेल्वे करा, चांगला कापूस पिकवून घ्या, असा तगादा त्यांनी आपल्या पार्लमेंटातल्या सभासदांमार्फत आणि मंत्र्यांच्या दारात बसून लावला. वऱ्हाडावर कापूस कमिशनर नेमला गेला, तो याच काळात. खामगावचा फाटा हे त्या तगाद्याचे फळ आहे असे मला वाटते, आणि त्याचा उपयोग आपल्याला झाला नाही असेही मी म्हणणार नाही. कापूस गाडीबैलाऐवजी आगगाडीने जाऊ लागला.

पण त्याच गिरणीवाल्यांनी पुढे काय केले तेही ऐका. विलायती कापडावरची जकात त्यांनी १८८२ साली काढायला लावली. सरकारला पैशाची चणचण भासली तेव्हा ती पुन्हा बसली, तर १८९६ साली आपल्या देशातल्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर बसवून घेतला, म्हणजे विलायती माल महाग पडू नये. हा कर उठायला १९२६ साल उजाडले. वऱ्हाडातला कास्तकार या सबंध काळात कुठल्या ओसरीवर होता? पार्लमेंट सात समुद्रांपलीकडे, मत देण्याचा अधिकार नाही, त्याला ओसरीच नव्हती. एकाच बाजूचे गाऱ्हाणे ऐकून कायदे होत राहिले, म्हणजे काय होते हे आपल्या आजा-पणजांनी भोगले आहे.

मग स्वराज्य आले, ओसरी आपल्या देशात आली. पण नवा रंग उडायच्या आतच तिथे एक प्रकरण घडले, आणि ते नेमके मुंबईच्या बाजाराशी निगडित होते. १९५१ साली हंगामी संसदेत वायदेबाजारावर नियंत्रण आणणारे विधेयक चालू होते. एच. जी. मुदगल नावाचे मुंबईचे एक खासदार. त्यांनी मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेशी, बुलियन असोसिएशनशी, व्यवहार ठरवला होता की तुमच्या बाजूचे प्रश्न विचारतो, विधेयकात दुरुस्त्या सुचवतो, मोबदला द्या. कुणकुण लागताच पंडित नेहरूंनी स्वतः ठराव मांडून चौकशी समिती नेमली. मुदगल नेहरूंच्याच पक्षाचे, तरी! टी. टी. कृष्णम्माचारी समितीचे अध्यक्ष होते. समितीने दोष सिद्ध धरला. सप्टेंबरात चर्चा सुरू असताना मुदगलांनी राजीनामा पुढे केला, म्हणजे हकालपट्टीचा डाग नको. सभागृहाने तरीही ठराव केला की हा गृहस्थ हकालपट्टीलाच पात्र होता, आणि राजीनाम्याची भाषा पाहता गुन्हा वाढलाच आहे. प्रत्यक्ष हातात पडलेली रक्कम काही हजारांचीच होती. आजच्या मानाने पानसुपारी. पण नेहरूंनी ती पानसुपारी म्हणून सोडली नाही, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

पुढे एवढी चाड राहिली नाही. डिसेंबर २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यासमोर पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारायला तयार झालेले अकरा खासदार उघडे पडले. रकमा पंधरा हजारांपासून लाखभरापर्यंत. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा. आपल्या शेजारचे जळगाव आणि एरंडोल हे दोन मतदारसंघही त्यात होते, म्हणजे मलकापूर ओलांडले की आलेच. २३ डिसेंबरला सगळ्यांना काढले आणि २००७ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही ते योग्य ठरवले. मौज अशी की त्याच सुप्रीम कोर्टाने १९९८ साली म्हटले होते, पैसे घेऊन सभागृहात मत दिले तर त्या सभासदावर खटला चालू शकत नाही, घटनेचे संरक्षण आहे. हा निकाल सात न्यायमूर्तींनी ४ मार्च २०२४ रोजी पुसला, तोवर सव्वीस वर्षे गेली. आता लाच घेणाऱ्या खासदाराला, आमदाराला सभागृहाच्या भिंतीआड लपता येत नाही.

पण वाचकहो, लाच हा या गोष्टीचा सोपा भाग आहे. ती पकडली की कोणाच्याही ध्यानात येते. अवघड भाग तो, जिथे कोणी कोणाला रुपया देत नाही आणि तरी एकाच बाजूचे म्हणणे आत पोचते.

२०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा पूर आला होता, आठवते ना? त्यात एक कागद माझाही होता. तीन एकर पेरले, तासात बोटभर अंतरावर रोप दिसायला हवे तिथे हातभर जागा रिकामी. तालुक्याची समिती बांधावर आली, पंचनामा झाला, उगवण फारच कमी असे लिहिले गेले. कंपनीचे उत्तर आले की पेरणी खोल झाली असावी आणि जमिनीत ओल कमी असावी. दुबार पेरणीचे पैसे घरातून गेले. जाता जाता एक सांगतो, थैली, तिचे लेबल आणि दुकानाची पक्की पावती टाकू नका. बियाणे खराब निघाले तर शेतकऱ्याला ग्राहक म्हणून ग्राहक मंचात जाता येते, असा सुप्रीम कोर्टाचा २०१२ सालचा निकाल आहे.

तर २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात राज्य सरकारने याच विषयावर एकदम पाच विधेयके आणली. बोगस बियाणे, खते, कीटकनाशके विकणाऱ्यांना कडक शिक्षा, आणि फसलेल्या शेतकऱ्याला भरपाईची सोय. त्यातल्या एकाने तर झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, वाळूतस्कर यांच्यासाठी असलेल्या १९८१ च्या कायद्यात हे गुन्हेगारही बसवायचे होते. कृषी केंद्रवाले खवळले. रब्बीच्या तोंडावर, २ ते ४ नोव्हेंबर असे तीन दिवस, राज्यभर दुकाने बंद ठेवली.

आमच्या गावच्या केंद्राचा मालक तरुण पोरगा आहे. दुकान बंद करून बाहेर खुर्ची टाकून बसला होता. मला म्हणाला, "काका, थैली सीलबंद येते. आत काय हाये ते मले तरी काय मालूम? अन् मले हातभट्टीवाल्याच्या रांगेत बसवता काय?" त्याचे म्हणणे मला चुकीचे वाटले नाही. थैली कंपनीची, सील कंपनीचे, आणि आधी हातकडी दुकानदाराला, हे बरोबर नव्हेच. शिवाय त्याने जे केले ते उजेडात केले. बोर्ड लावला, निवेदन दिले, पेपरात छापून आणले. लॉबी करायची तर अशी करावी.

घरी येऊन मी हे सांगितले, तर आमच्या घरच्या मंडळींनी भाकरी थापता थापता विचारले, "दुकानदार बोलले, कंपन्यांची मानसं मुंबईत असतीलच. आपल्याकडून कोन गेलतं बोलाले?"

त्याला उत्तर नव्हते. विधेयके दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेली. दुकानदारांचे म्हणणे आपण सगळ्यांनी वाचले, कारण ते रस्त्यावर मांडलेले होते. कंपन्यांनी कोणाला भेटून काय सांगितले, कोणते कलम मऊ करायला सुचवले, हे वाचायला मिळेल असे ठिकाण नाही. आणि वाचकहो, कायदा अडवायला तो पाडावाच लागतो असे नाही. घटनेचे १९६ वे कलम सांगते की विधानसभेत पडून असलेले विधेयक विधानसभा विसर्जित झाली की संपते. म्हणजे नुसता वेळ काढला तरी काम होते. ज्याला घाई आहे तो शेतात असतो, आणि ज्याला घाई नाही तो ओसरीवर.

कापसाचे ताजे उदाहरण घ्या. बाहेरून येणाऱ्या कापसावर २०२१ पासून अकरा टक्के आयात शुल्क होते. ते काढा, अशी कापडगिरण्यांच्या संघटनांची मागणी, आणि ती त्यांनी उघड केली होती. अमेरिकेने आपल्या कापडावर जबर कर लावायचे ठरवले तेव्हा त्या मागणीला जोर चढला. १९ ऑगस्ट २०२५ पासून शुल्क माफ झाले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हटले आणि दहा दिवसांत ते ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोदकडे कापूस घरात येतो तो नेमका याच महिन्यांत. गिरणी बंद पडली तर कापूस घेणार कोण, हा गिरणीवाल्यांचा मुद्दा खोटा नाही. पण एका अधिसूचनेने हे झाले. सरकारने गिरण्यांच्या किती शिष्टमंडळांना भेट दिली आणि कापूस पिकवणाऱ्यांच्या किती, एवढे दोन आकडे जरी अधिसूचनेच्या खाली छापले असते, तरी आपल्याला काय ते समजले असते.

आपली ओसरी कोणती, तर रस्ता. नागपूरला हिवाळी अधिवेशन भरले की यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात आणि विधानभवनाच्या अलीकडे कठड्यांपाशी थांबतात. तिथे मंत्री आला तर निवेदन घेतो, नाही आला तर नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचा मोर्चा असाच थांबवलेला होता. दिवसभर माणसे बसून राहिली, संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यात बाया आणि लेकरे फार. अनुसूचित जमातीत आमची नोंद करा, एवढे मागायला ती आली होती. त्याच मागणीसाठी एखादा कोटवाला वकील गाडीतून आत गेला असता तर त्याला चहा मिळाला असता. मी कधी झिरो माइलकडून गेलो की गोवारी स्मारकापाशी पाय थबकतो.

मग यावर उपाय काय? अमेरिकेत १९४६ पासून कायदा आहे, तो लेचापेचा निघाला म्हणून १९९५ साली नवा केला. दुसऱ्याच्या पैशाने कायदेमंडळात खटपट करणाऱ्याने नाव नोंदवायचे, कोणासाठी, कोणत्या विषयावर आणि किती पैसा घेतला हे दर तीन महिन्यांनी लिहून द्यायचे, आणि ते कोणालाही वाचता येते. कॅनडानेही १९८९ पासून असेच केले. या कायद्याचा आपल्यालाच एकदा उपयोग झाला. २०१२ च्या डिसेंबरात वॉलमार्ट कंपनीच्या तिकडच्या कागदांतून बाहेर आले की तिने २००८ पासून अडीच कोटी डॉलर अशा खटपटीवर खर्च केले, आणि तिच्या विषयांत भारताच्या बाजारात शिरकाव हाही एक होता. आपल्या संसदेत गदारोळ झाला, निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुदगल यांच्याकडे चौकशी दिली. मुदगल हे नाव या गोष्टीत दुसऱ्यांदा आले, हा निव्वळ योगायोग. भारताच्या दारातली खटपट भारताला कळली ती अमेरिकेच्या रजिस्टरातून! आपल्याकडे असा कायदा नाही. २०१३ साली एका खासदाराने खाजगी विधेयक तयार केले होते, ते पुढे सरकले नाही.

कायद्याने पैसा थांबतो असे मात्र समजू नका. अमेरिकेत आजही वर्षाला अब्जावधी डॉलर यावर उडतात. कोणी किती उडवले एवढेच कळते. मला तेवढेही पुष्कळ वाटते. आपल्या ग्रामपंचायतीत साधा अर्ज दिला तरी आवक रजिस्टरला क्रमांक पडतो, तारीख पडते. मग विधेयकातले कलम बदलावे म्हणून एखाद्या कंपनीने दिलेल्या टिपणाला आवक क्रमांक का पडू नये? मंत्र्याला, सचिवाला, समितीच्या सभासदाला विधेयकाबद्दल कोण भेटले याची नोंद का राहू नये? यात एक काळजी घ्यावी लागेल. स्वतःचे गाऱ्हाणे घेऊन स्वतः जाणाऱ्या माणसाला या नोंदणीचा फास नको. नाहीतर कंपनीचा वकील फॉर्म भरून आत जाईल आणि आपण फॉर्म चुकला म्हणून दारात. पगार किंवा फी घेऊन दुसऱ्यासाठी बोलणाऱ्यालाच तो लागू करावा, आणि शेतकरी संघटना पगारी माणूस ठेवत असतील तर त्यांनाही.

साखरवाल्यांचे प्रकरण निराळे. त्यांना ओसरीवर बसायची गरज पडत नाही, कारण कारखान्याचे चेअरमन कितीदा तरी स्वतःच आमदार, मंत्री असतात, ते माजघरातलेच. तिथे भेटीगाठींची नोंद काय कामाची? राज्यसभेत नियम आहे की सभासदाने आपले हितसंबंध रजिस्टरात लिहावेत, कोणत्या कंपनीचे संचालकपद, कुठे मोठा हिस्सा, कुठून सल्ल्याचे पैसे. असे रजिस्टर प्रत्येक विधिमंडळात असावे आणि ते तालुक्याच्या गावी वाचायला मिळावे. निवडणुकीच्या वेळी उमेदवार मालमत्ता जाहीर करतो खरा, पण पाच वर्षांतून एकदा, आणि उसावर बोलायला उठताना तो कागद कोणाच्या हातात नसतो.

हे होईल तेव्हा होईल. तोवर जी ओसरी उघडी आहे तिच्यावर जाऊन बसायला काय हरकत आहे? महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीने सूचना मागवल्या, तेव्हा बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, आणि २०२५ च्या जुलैत ते मंजूर होण्याआधी समितीने त्यात काही बदलही केले. ते बदल पुरेसे होते की नाही यावर वाद आहे, पण कागद पोचले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला आणि ११ डिसेंबरपर्यंत सूचना मागवल्या. मुदत ऐन कापूस वेचणीत. तरी आमच्या गावातून दोन पानी पत्र गेले. बियाणे उगवले नाही तर भरपाई किती दिवसांत मिळणार ते कायद्यातच लिहा, पंचनाम्यात शेतकऱ्याने निवडलेला एक माणूस घ्या, आणि कंपनीने 'पेरणी खोल झाली' म्हटले तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर टाका, असे तीन मुद्दे. तिसरा मुद्दा घरच्या मंडळींचा. सही करणाऱ्यांत बायका जास्त होत्या, कारण पुरुष म्हणत होते की दिल्लीला कोण वाचतो.

राज्याच्या विधेयकावर समिती बसली की पेपरात जाहीर सूचना येते, तीत शेवटची तारीख असते. ती कापून ठेवा. समितीशिवायच्या गाऱ्हाण्यासाठी विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे. पत्र मराठीत चालते. विधेयकाचे नाव आणि क्रमांक वर लिहावा, कोणत्या कलमाबद्दल बोलतो ते लिहावे, आपले नाव-गाव-सही खाली, आणि महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय, विधान भवन, मुंबई या पत्त्यावर स्पीड पोस्टाने धाडावे. एक प्रत आपल्या आमदाराला द्यावी आणि आपल्या प्रतीवर त्याच्या कार्यालयाचा पोचशिक्का घ्यावा. बुलढाणा जिल्ह्यात आमदार सात आहेत, घाटावर आणि घाटाखाली मिळून. तुमचा कोणता ते तुम्हाला ठाऊकच आहे.